अकरावा कप्पा

प्रिय ठकू,

तू हे वाचते आहेस म्हणजे आलीस. आधी मला तेवढ्याचा आनंद करू दे, बाकीचं मागाहून. किल्ली कुंडीखालीच होती ना? मी घरात नाही म्हणून रुसले असं समजू नकोस. दोन कोट पोचवायला गेले आहे असं सांगायला बरं दिसतं, आणि कोट खरेच आहेत, पण ते दुपारी दिले असते तरी चाललं असतं. खरी गोष्ट अशी की तू वाचताना मी समोर बसले असते तर दर ओळीला तोंड घातलं असतं. तुझी मुलाखत दहाला. तू आठला येशील असा माझा अंदाज. हे पत्र मी माझं मलाच वाचून दाखवलं तर तासाच्या वर वेळ गेला, तुला पाव तास पुरेल. थर्मासमध्ये चहा आहे. बस, पाय वर घे, चहा ओत. फाईल समोर टेबलावरच आहे, पण ती अजून उघडू नकोस. उघडलीस तर आधी ओरडशील आणि मग वाचशील, आणि मला ते उलट हवं आहे.

नमनालाच घडाभर तेल गेलं. आता मुद्द्यावर येते, म्हणजे यायचा प्रयत्न करते, कारण मुद्दा मला अजून नीट कळलेला नाही. रविवारी तू कापड बेतायच्या या टेबलावर ती फाईल पसरलीस आणि मी शेजारी बसून बटणं लावत होते. चौदा प्लास्टिकचे कप्पे, आत बघावं तर कागदच कागद. मी म्हटलं, हे काय गं एवढं? तू म्हणालीस, मी शिकवते याचा पुरावा आहे, आजी. तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. शिकवते याला पुरावा कसला? हातच्या कांकणाला आरसा कशाला? उभी करा की पोरीला मुलांपुढे, दहा मिनिटांत कळेल. कोट नीट बसतो की नाही हे कुणी कागदावर विचारत नाही, अंगात घालून बघतात आणि हात वर करतात. हात वर केल्यावर काखेत ओढलं तर वाईट, नाही ओढलं तर चांगला. झालं. पण तू यादी वाचत होतीस, पाठाचं टाचण, निरीक्षणाचा अहवाल, शिफारसपत्रं, आणि एकेका नावासरशी माझा दोरा सुईतून निसटत होता. त्यात तो तुझा फोटो, फळ्याकडे बोट दाखवतानाचा. मुलं सगळी फोटोवाल्याकडे बघताहेत, तूही त्याच्याचकडे बघते आहेस, मग त्या वेळी शिकत कोण होतं, हे मला काही केल्या कळेना.

आणि मग तू अकराव्या कप्प्यापाशी आलीस आणि तुझा चेहरा उतरला. तो रिकामा. यादीत लिहिलं होतं, एकाच विद्यार्थ्याचं सुरुवातीचं काम आणि पुढचं काम, मध्ये निदान सहा महिने गेलेले हवेत. तू म्हणालीस, अडीच वर्षांत पाच शाळा केल्या मी, कुठे कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर, कुठे कुणाचा पाय मोडलेला, त्या परत आल्या की मी बाहेर. चार महिन्यांच्या वर एक पोर माझ्या हाताखाली राहिलेलं नाही. पेरते मी आणि उगवलेलं बघते दुसरीच. मला आठवतं, अगदी असंच म्हणालीस. कप्पा रिकामा म्हणजे फाईल अपुरी, आणि अपुरी फाईल ते उघडूनही बघत नाहीत. त्यापेक्षा आईने बघितलेली पार्सलच्या ऑफिसातली नोकरी काय वाईट, गुरुवारपासून ये म्हणालेत, पक्की आहे. हे कागद इथेच राहू देत, मला डोळ्यासमोर नकोत, बुधवारी वाटलं तर येईन, नाही आले तर रद्दीत घाल. एवढं बोलून गेलीस ती गेलीस, गळ्यातला रुमालही विसरलीस. तो मी धुऊन ठेवला आहे, खुर्चीच्या पाठीवर बघ.

सोमवारी मी फाईल काखोटीला मारली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. म्हटलं, बाबा रे, तू दिवसभर जगाचे कागद बघतोस, हे काय आहे ते मला समजावून सांग. तो म्हणाला, आजी, याला पोर्टफोलिओ म्हणतात, हल्ली माणूस मागून येतो, फाईल पुढे चालते. मी म्हटलं, मग नोकरी फाईललाच द्या आणि वर्गात तिलाच उभी करा. तो हसला. मागे पाचसहा जण रांगेत, एक जण म्हणाला, आजी, जरा लवकर, माझी बस आहे. झेरॉक्सवाला आपला कागद सरकवत सरकवत मला म्हणाला, अहो, तुम्ही नाही का शिलाईचे नमुने ठेवत गिऱ्हाइकाला दाखवायला, तसंच हे. आणि मी तिथेच खांबासारखी उभी राहिले. त्या बसवाल्या माणसाने मला हळूच दंडाला धरून बाजूला केलं तेव्हा मी भानावर आले. एवढं सोपं होतं तर रविवारीच कुणी सांगितलं का नाही मला?

तुला माझी कापडाची वही माहीत आहे, कपाटात वरच्या फळीवर असते ती. पण ती तशी का आहे हे मी तुला कधी सांगितलं नाही बहुतेक. मला शिवण शिकवणारे मास्तर फार कडक. त्यांची एक पद्धत होती, प्रत्येक पानावर डावीकडे पहिला नमुना आणि उजवीकडे शेवटचा. पहिलं काज, शेवटचं काज. पहिली कॉलर, शेवटची कॉलर. माझं पहिलं काज म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखं. मी एकदा मास्तरांची नजर चुकवून ते उसवायला घेतलं तर त्यांनी पट्टीने टेबलावर असा आवाज काढला की मशीनवरच्या सगळ्या पोरींचे पाय थांबले. म्हणाले, उसवायचं नाही, ते तुझं आहे. पुढे मी सतरा वर्षांची असताना काम मागायला एका दुकानात गेले, तर मालकाने वही चाळली, आणि ठकू, तो उजवी बाजू बघतच नव्हता. डावीवर बोट ठेवून त्याने एकच विचारलं, इथून इथे यायला किती दिवस लागले? मी म्हटलं, चाळीस. तो म्हणाला, उद्यापासून ये. एवढीच माझी मुलाखत. म्हणून तुझी फाईल बघून मला वाटत होतं की काहीतरी चुकतंय. सगळी उजवीच बाजू आहे गं ती. सगळं इस्त्री केलेलं.

मग मी दुपारभर बसून तुझं ते पान वाचलं, माझं अध्यापनविषयक तत्त्वज्ञान म्हणून आहे ते. तीन वेळा वाचलं. शब्द लागले सगळे, जोडाक्षरंसुद्धा लागली, पण तू काही सापडली नाहीस. विद्यार्थिकेंद्री म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. ते तू वर्गात करत असशील, तर मग तू माझ्याशी जे केलंस त्याला काय म्हणतात? ते त्या पानात कुठेच नाही. आणि ते मला तर चांगलं आठवतंय.

तू शिक्षिका व्हायचं शिकायला इथे राहायला आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. आल्यावर आठवडाही झाला नसेल, एक गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन आलं आणि मी नेहमीसारखं म्हटलं, तुम्हीच वाचा बाई, माझा चष्मा कुठे राहिलाय कोण जाणे. चाळीस वर्षं हेच म्हणत आले होते मी. दुसरीत शाळा सुटली, आकडे येत होते कारण टेपशिवाय शिवण नाही, पण अक्षरं पार पुसून गेली होती. मापाच्या वहीत मी चित्रं काढायची, गळ्याचं चित्र, बाहीचं चित्र, पुढे आकडा. नावाच्या जागीही चित्रच. रस्त्याच्या टोकाच्या त्या शाळेच्या मोठ्या बाई, ज्यांच्यासमोर आज तू बसणार आहेस, त्या बारा वर्षं माझ्या गिऱ्हाईक, त्यांच्या पानावर घंटा काढलेली आहे. तुझ्या आजोबांना माहीत होतं, ते गेल्यावर कुणालाच नाही. पोटची लेक, तुझी आई, तिलाही नाही. तिच्या प्रगतिपुस्तकावर मी सही करायची ती गिरवून गिरवून पाठ केलेली. आणि तू आठवड्यात ओळखलंस, कारण चष्मा हरवला म्हणताना तो माझ्या नाकावरच होता. तू हसली नाहीस. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली नाहीस की आजी, तुला वाचता येत नाही का? एवढंच म्हणालीस, आजी, ती मापाची वही दे, मला बाही कशी मोजतात ते लिहून घ्यायचंय. आणि चित्राच्या शेजारी लिहिलंस, बाही. मग पेन्सिल माझ्याकडे सरकवलीस.

लहान मुलांचं पुस्तक तू आणलं नाहीस, त्याचा मला किती आधार वाटला ते मी तेव्हा बोलले नाही. मी बाही पाच वेळा लिहिलं. तू लाल पेन काढलंच नाहीस. पाचातल्या तिसऱ्या बाहीला गोल केलास आणि विचारलंस, ही कशी काय जमली? मला काय माहीत कशी जमली! पण मी बघायला लागले, आणि बघता बघता चौथी का बिघडली ते माझं मलाच दिसलं. आणि मग तो दिवस, जोडाक्षरांचा. मी पेन्सिल भिरकावली, ती मशीनखाली गेली. मी म्हटलं, या वयात पिकलेल्या केसांची शोभा कशाला करतेस? तू काही समजावलं नाहीस. सुई उचललीस आणि म्हणालीस, मला काज शिकव. असलं काज केलंस, देवा! माझ्या पहिल्यापेक्षा भयंकर. मी पोट धरून हसले. तू विचारलंस, नीट यायला किती करावी लागतील? मी म्हटलं, शंभर. तू म्हणालीस, मग तुझी शंभर पानं, माझी शंभर काजं, बघू कोण आधी. तीन वर्षं रोज दुपारी, गिऱ्हाइकं जेवायला गेली की आपण दोघी या टेबलाच्या दोन बाजूंना. तेवढ्या वेळापुरती मी तुला बाई म्हणायची आणि तू मला मास्तर. तू गेलीस तेव्हा तुझी काजं त्रेसष्ट झाली होती आणि माझी पानं एकशे चार. सदतीस काजांची तू अजून माझी देणेकरी आहेस, विसरू नकोस.

तर ती एकशे चार पानं मी ठेवली आहेत. तुला वाटत असेल चुलीत गेली. अस्तराच्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवली होती, प्रत्येकावर कोपऱ्यात तुझ्या अक्षरात तारीख. सोमवारी संध्याकाळी मी ती काढली. तेवढ्यात तुझ्या आईचा फोन. म्हणाली, आई, ठकूची ऑफिसातली नोकरी ठरलीय, तू मध्ये पडून तिच्या डोक्यात काही भरवू नकोस. मी म्हटलं, मी कशाला मध्ये पडू, मी आपली शिवत बसले आहे. आणि ते खोटं नव्हतं. काय शिवते आहेस हे तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता उघड फाईल. हळू. अकराव्या कप्प्यात डावीकडे ते पहिलं पान आहे, पाच बाह्यांचं. नुसतं सरकवलं तर ते खाली घसरत होतं आणि पुठ्ठ्यामागे लपत होतं, म्हणून मी कप्प्याला कच्चा दोरा घातला, लाल, दिसावा म्हणून. आणि इथे माझा घोटाळा झाला. दोन पदर म्हणून शिवायला घेतलं, ते निघाले चार. बाराव्या कप्प्यातल्या शिफारसपत्रातून सुई आरपार गेली. कळल्याबरोबर उसवलं, पण तीन भोकं पडली आहेत, खालच्या समासात, सहीपासून लांब. उजेडाकडे धरलं तरच दिसतात. मुलाखतीत कुणी उजेडाकडे धरून बघतं का हे मला माहीत नाही. झेरॉक्सवाल्याला विचारलं, तो म्हणाला, आजी, माझ्या जन्मात कुणी धरलेलं नाही. तरी मला चैन पडलेली नाही. चिडायचं असेल तर चिड, पण दहानंतर.

आणि चिडण्याआधी मला एक सांग, कारण हे मी दोन दिवस उलटंसुलटं करून बघते आहे आणि मला काही ठरवता येत नाही. आजी विद्यार्थी म्हणून चालते का? यादीत एक विद्यार्थी असं लिहिलंय, वय लिहिलेलं नाही. मी दोनदा बघितलं. वर्गात बाक लागतो असंही लिहिलेलं नाही. पण नात्यातला चालत नाही असं कुठेतरी बारीक अक्षरात असेल तर? आणि मोठ्या बाई माझ्या गिऱ्हाईक आहेत, त्यांना वाटेल का की शिंपीणबाईंनी वशिला लावला? मी त्यांच्याकडे तुझं नावही काढलेलं नाही, परवा त्या करड्या कोटाची बाही आखूड करून घेऊन गेल्या तेव्हा मी बटणांशिवाय काही बोलले नाही, शपथ. त्या म्हणतील, हे लहान मुलाचं पान आहे. मग तुला सांगावं लागेल ते कुणाचं आहे. सोमवारी तो दोरा घालताना माझा हात दोनदा थांबला तो याच्यासाठी, भोकांसाठी नाही. मग मला मास्तरांची पट्टी ऐकू आली.

कप्प्याची उजवी बाजू मी मोकळी ठेवली आहे. तिथे काय घालायचं हे मला सोमवारी सुचेना. एकशेचारावं पान घालून बघितलं, पण ते तू शेजारी बसून लिहून घेतलेलं, त्यात तुझा हात आहे. नंतरचं काम हवं ते एकटीने केलेलं. मी कपाटं उपसली, माझ्याकडे मापांखेरीज काही लिहिलेलं नव्हतं, कारण मी लिहू कुणाला? म्हणून हे पत्र लिहिलं. सोमवारी रात्रीपासून मंगळवार संध्याकाळपर्यंत, कुणाला न विचारता, एक कोट तसाच ठेवून. नऊ पानं झाली. घडी घालून बसतील, मी कोऱ्या कागदाने बघितलं आहे. वाटल्यास या पत्रातलं भोकांबद्दलचं पान काढून ठेव. आणि हे सगळंच नको वाटलं, लाज वाटली, तर कच्चा दोराच आहे, डाव्या टोकाला गाठ न मारता सोडला आहे, ओढलास की एका झटक्यात निघेल आणि कप्पा होता तसा रिकामा होईल. मी काही म्हणणार नाही. पण ओढला नाहीस, आणि मोठ्या बाईंनी डाव्या बाजूवर बोट ठेवून विचारलं की इथून इथे यायला किती दिवस लागले, तर तारखा मोजून सांग. आणि हे कुणाचं अक्षर असं विचारलं, तर माझं नाव सांग, बिनधास्त. सांग की त्यांच्यापुढे मी हरवला म्हणायची तो चष्मा नाकावरच होता.

तुझीच,
पानं आधी पुरी केलेली,
आजी